हेलडॉर्नने निरोप घेतला

रुकडीकर सर पत्रांना उत्तरं देण्यात कधी कुचराई करत नसत. वाचनालयाने वर्गणीची आठवण केली तरी ते "आपलं कृपापत्र पावलं" अशी सुरुवात करून पानभर लिहीत. लग्नपत्रिकांनासुद्धा त्यांची पोच जायची. एका पत्राला मात्र त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते निळं आंतर्देशीय पत्र कागल तालुक्यातल्या एका खेड्यातून आलं होतं. येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यातला मजकूर सरांना तोंडपाठ होता.

"आदरणीय सर, आमच्या गावच्या वाचनालयात तुमचं पुस्तक आलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मी फौजेत होतो. आमच्या तुकडीवर असाच एक प्रसंग आला. बरेच जण तिथेच राहिले, मी आलो. पुढे मुदत संपायच्या आत नाव कापून घरी आलो. गावात लोक काय म्हणतात ते लिहीत नाही. तुमचा जनरल जखमी झाला आणि लगेच गेला, नशीबवान माणूस. पण समजा तो जगला असता, तर वर्दी उतरवल्यावर त्याने काय केलं असतं? तुम्ही एवढं वाचलं आहे, तुम्हाला माहीत असेल. उत्तराची वाट बघतो. सयाजी मगदूम."

उत्तर सरांना माहीत होतं. खरं दुखणं तेच होतं.

नृसिंह रुकडीकर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. नाव उग्र नरसिंहाचं, पण आवाज असा, की मागच्या बाकावरची मुलं तास संपला तेव्हाच सर आल्याचं ओळखायची. चाळिशीनंतर त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकून घेतलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कोल्हापुरात जर्मन बोलणारं कोणी भेटणार नाही, म्हणजे आपलं चुकलं तरी कोणाला कळणार नाही, हा दिलासा त्यात असावा. मग एका ग्रंथालयाने जुनी पुस्तकं निकालात काढली, तेव्हा त्यांना एका प्रशियन घोडदळाचा जाडजूड इतिहास मिळाला. त्यात कार्ल फॉन हेलडॉर्न या सेनापतीवर एक लांबलचक प्रकरण होतं.

सरांचा या हेलडॉर्नवर जीव जडला आणि त्यांनी त्याचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं. लहानशा जमीनदाराचा मुलगा, पोरवयात पलटणीच्या शाळेत घातलेला, बोलायला अडखळणारा, घोड्यावर बसला की मात्र निराळाच. पायरी पायरीने चढत तो घोडदळाचा जनरल झाला. एकोणिसाव्या शतकात प्रशिया आणि फ्रान्सचं युद्ध जुंपलं, तेव्हा ऑगस्टमधल्या एका दुपारी त्याला हुकूम आला: समोरच्या तोफांवर घोडी घाला, मागून पायदळ येईपर्यंत वेळ काढा. त्याने घातली. निम्मी माणसं परतली नाहीत. त्याच्या स्वतःच्या खांद्यावर तलवारीचा वार बसला. आणि प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य होतं, की त्याच शरद ऋतूत जनरलने आपला "आब्शीड" घेतला.

सरांनी शब्दकोश उघडला. आब्शीड म्हणजे निरोप. शरद ऋतूत त्याने निरोप घेतला.

एखाद्या इंग्रजाने ही चूक केली नसती. पण मराठी माणूस खांद्यावर वार घेतलेल्या योद्ध्याबद्दल "त्याने निरोप घेतला" असं वाचतो, तेव्हा त्याला दुसरं काय सुचणार? सरांचे डोळे भरून आले. त्यांनी हेलडॉर्नला मारलं. मूळ लेखकाने मरणाचं वर्णन केलं नव्हतं, तो त्याचा संयम असावा असं धरून सरांनी ते स्वतः केलं, चांगली अकरा पानं. पावसात भिजणारा तंबू, वैद्याने फिरवलेली मान, बाहेर खूर आपटणारा घोडा. शेवटचे शब्दही त्यांनीच दिले: "माझ्या घोड्याला पाणी दाखवा. तो माझ्यापेक्षा दमलाय."

पुस्तक निघालं आणि या शेवटच्या प्रकरणाने सरांना कधी मिळाला नव्हता तो मान मिळवून दिला. वाचक भेटायला येऊ लागले. एका माजी सैनिकाने रस्त्यात सरांना सॅल्यूट ठोकला, तेव्हा सर गोंधळून शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरले होते.

मग एका दुपारी, दुसरंच काही शोधताना, त्यांनी त्या जर्मन पुस्तकाचं परिशिष्ट भिंगाखाली धरलं. बारीक टायपात अधिकाऱ्यांची माहिती होती. हेलडॉर्नच्या नावापुढचं मृत्यूचं साल युद्धानंतर वीसेक वर्षांचं होतं. सरांनी भिंग पुसलं. साल तेच राहिलं. मोठा शब्दकोश बघायला ते पुण्याला गेले. त्यात आब्शीडचे पहिले अर्थ ओळखीचे होते, आणि खाली "सैन्यात" असं म्हणून पुढे दिलं होतं: सेवेतून मुक्तता. हेलडॉर्न मेला नव्हता. त्याने नाव कापून घेतलं होतं.

पंधरवड्याने सयाजी मगदूमचं पत्र आलं, त्यात नेमके तेच दोन शब्द. सरांनी पत्र घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि स्वतःला सांगितलं, की आधी पुरती माहिती काढू, मग सविस्तर लिहू. माहिती त्यांनी खरोखर काढली. हेलडॉर्नच्या गावच्या एका पाद्र्याने लिहून ठेवलेल्या आठवणी त्यांनी मिळवल्या, अक्षर लावून वाचल्या. उत्तर दिवसेंदिवस अधिक चांगलं होत गेलं आणि ते पाठवणं दिवसेंदिवस अधिक अवघड. एक वर्ष उलटल्यावर तर आधी उशिराची माफी मागावी लागणार होती, आणि ती कशी मागावी हे ठरेना.

यंदा जानेवारीत आदर्श आला. सरांच्या जुन्या प्रकाशकाचा हा नातू. धंदा आता तोच बघायचा.

"सर, नवी आवृत्ती काढायची. कव्हरवर घोडा, आणि खाली तुमची ती लाईन. घोड्याला पाणी दाखवा."

"ती लाईन..." सर म्हणाले.

"आणि उद्याच्याला तुम्ही प्रमुख पाहुणे. कागलकडच्या एका शाळेत गॅदरिंग आहे. एक पोरगी तुमच्या पुस्तकाचं एकपात्री करते. तालुक्यात पहिली आली. नाही म्हणू नका सर, गाडी घेऊन येतो मी."

सरांना नाही म्हणता येत नसे. दुसऱ्या दिवशी आदर्शने त्यांना राजारामपुरीतून उचललं. उचगाव मागे पडलं आणि हायवेला उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगायला लागली. सर सबंध वाटभर काच खालीवर करत होते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. मुलगी रंगमंचावर आली ती लाल फेटा, पुठ्ठ्याची तलवार आणि गुडघ्याखाली जाणारा फौजी कोट घालून. क्रांती मगदूम, नववी ब. आडनाव पुकारलं गेलं तेव्हा सरांनी चमकून वर बघितलं. मगदूम या भागात शेकड्याने असतात, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मुलगी चांगली होती, हेच वाईट होतं. तिने तोफांवर घोडी घातली तेव्हा मागून कोणीतरी "जय भवानी" केलं, आणि ते प्रशियाच्या जनरलला शोभूनही दिसलं. मग ती खाली बसली. हळू आवाजात घोड्याला पाणी दाखवायला सांगितलं आणि मान टाकली. मांडवातल्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. सरांना वाटलं, आत्ता उठावं आणि सांगावं. पण ते उठले ते नारळ आणि शाल घ्यायला.

कार्यक्रमानंतर वर्गात चहा आणि बटाटेवडे होते. मुलीला पुढे घालून एक उंच, वाळलेला माणूस जवळ आला. डोक्याचे केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ होती.

"सर, वळखलं न्हाईसा."

"नाही, म्हणजे..."

"कसं वळखणार? भेटलोच न्हाय कधी. मी सयाजी मगदूम. हिचा बाप."

"छान केलं हिने," सर कसंबसं म्हणाले.

"मीच बसवून घेतलं. कोट माझाच हाय," सयाजी म्हणाला. "आबा कुठल्या कार्यक्रमाला येत नाहीत सर," क्रांती मध्येच बोलली, "आज तुम्ही येणार म्हणून आले."

"गप गं. जा, वडा घे." मुलगी गेली. सयाजी हसला. "गावात आमी तीन सयाजी मगदूम. येक सरपंच, येक टेलर. मला माघारी सयाजी म्हणत्यात. म्हणून कार्यक्रमाला जात न्हाय. माइकवरनं कोण काय पुकारंल, सांगता येत न्हाय."

सरांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी कपातल्या चहाकडे बघितलं.

"लई वर्सं झाली," सयाजी म्हणाला, "मी येक पत्र लिवलंतं तुमास्नी. पोचलं नसंल."

एवढं सोपं करून दिलं होतं त्याने. प्रश्नसुद्धा नव्हता तो. आणि सरांच्या तोंडून, सरांना विचारल्याशिवाय, शब्द बाहेर पडले:

"नाही. पोचलं नाही."

"बगा! मला वाटलंच. त्या वक्ताचा आमचा पोष्टमन लई पीत हुता. पत्रं वड्यात टाकून मोकळा. मी त्याला येकदा चौकात धरून लई बोललो. मेला आता बिचारा."

सरांनी कप खाली ठेवला. "काय... काय विचारलं होतं तुम्ही?" आपण हे का विचारतोय, हे त्यांना समजत नव्हतं. खोट्याला खोटं जोडायला दुसरं काही सुचलं नाही, इतकंच.

"काय न्हाय, येडपटागत कायतरी. असू द्या. उत्तर गावलं मला."

"काय गावलं?"

सयाजीने वड्याचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "तसल्या माणसानं म्होरं जगू नये. तुमी शेवट बरुबर केलाय सर. तुमचा जनरल येळंवर गेला. आमाला काय ते जमलं न्हाय." उसाच्या भावाबद्दल बोलावं तशा आवाजात तो बोलत होता. "आता म्हशी हाईत, डेअरीला दूध घालतो. दिस जात्यात. पोरीला मात्र सांगून ठेवलंय, माणसाला कुठं थांबायचं ते कळलं पायजे."

सर "हो" म्हणाले.

परतीच्या वाटेवर गोकुळ शिरगावच्या आसपास त्यांनी धीर केला. "आदर्श, तो जनरल... त्या वेळी मेला नव्हता."

"कोण?"

"हेलडॉर्न. माझी चूक झाली. शब्द चुकला. तो पुढे म्हातारा होऊन मेला."

"कशानं?"

"सर्दीने. छातीत उतरली."

आदर्शने गाडीचा वेग कमी केला आणि मनापासून हसला. "सर, सर्दीनं मेलेला जनरल कोण घेणार हो? राहू दे की. त्याच्या घरचं कोण येणार आहे कोल्हापूरला विचारायला?"

विचारायला आलं होतं, असं सरांना म्हणायचं होतं. कागलवरून आलं होतं. पण आदर्शला फोन आला आणि तो बोलत राहिला.

घरी माई मेथी निवडत बसली होती. सर शाल अंगावरची न काढताच समोर बसले आणि एका दमात सगळं बोलले. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, त्यात इतकं सलग ते तिच्याशी कधी बोलले नसावेत. माईने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी मेथीची काडी मोडून म्हणाली,

"म्हणजे जिवंत माणसाला तुम्ही अकरा पानं लावून मारलंत."

"हो."

"आणि आज वर त्या पोस्टमनला."

सरांनी अंगावरची शाल काढून घडी घातली.

"आता सांगून काय होणार?" ते म्हणाले. "त्याने मनाशी काहीतरी जमवून घेतलंय. मी जाऊन मोडायचं? मला हक्क काय? आणि माझंही बरोबर असेल कशावरून? तेव्हाही मला वाटलंच होतं की बरोबर आहे."

"जमवून घेतलंय?" माईचा आवाज चढला. "अहो, माणूस 'जगू नये' म्हणतोय! बटाटेवडा खात म्हणतोय! हे जमवून घेणं?"

"मी फोन करू का त्याला?"

"तुम्ही? फोनवर तुम्ही 'हॅलो' म्हणेपर्यंत त्याच्या म्हशी दूध देऊन रिकाम्या होतील. लिहा. ते एक तरी येतं तुम्हाला."

सर लिहायला बसले. पहिला मसुदा सगळा स्वतःबद्दल झाला. आपल्याला किती लाज वाटते, रात्र रात्र कशी झोप लागत नव्हती, वगैरे. वाचून बघितला तेव्हा त्यांना तो माफी मागणारा कमी आणि सांत्वन मागणारा जास्त वाटला. फाडला. दुसऱ्यात आब्शीड या शब्दाच्या व्युत्पत्तीतच दोन पानं गेली. तोही फाडला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत त्यांनी लिहिलं ते असं:

"श्री. सयाजीराव मगदूम यांस, स. न. वि. वि.

तुमचं पत्र मला त्याच वेळी पोचलं होतं. परवा मी खोटं बोललो. पोस्टमनची काही चूक नव्हती.

तुम्ही विचारलं होतं, जनरल जगला असता तर त्याने काय केलं असतं. तो जगला. मी जर्मन शब्दाचा अर्थ चुकीचा लावला आणि त्याला मारलं. मरणाचं वर्णन, ते शेवटचे शब्द, सगळं माझ्या मनचं आहे. तसं काही घडलं नाही. तुमचं पत्र आलं त्याआधीच मला हे कळलं होतं. माझी फजिती होईल म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्यातून तुम्ही जे उत्तर काढलंत ते चुकीचं आहे, आणि त्याला कारण मी आहे.

खरं घडलं ते असं. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्याने नाव कापून घेतलं. वरिष्ठांना त्याने सांगितलं, की मला आता माणसं पुढे घालता येणार नाहीत. बस, एवढंच कारण दिलं. लोक बोलले. भ्याला म्हणाले, थकला म्हणाले. तो गावी गेला. त्याने आलुबुखारची झाडं लावली, ती त्याला नीट आली नाहीत. त्या हल्ल्यातून वाचलेली दोन घोडी त्याने अखेरपर्यंत सांभाळली, पण त्यांच्यावर कोणाला बसू दिलं नाही. गावच्या पाटावरून शेजाऱ्याशी त्याचं भांडण होतं, ते बरीच वर्षं चाललं. शाळेतल्या पोरांना तो बटाटे मांडून हिशेब शिकवायचा. ऑगस्टमधल्या त्या तारखेला तो कोणाशी बोलत नसे, आणि दुसऱ्या दिवशी झाडं छाटायला बाहेर पडायचा. एकदा त्या लढाईच्या स्मारकाला त्याला बोलावलं. तो गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि भाषणं सुरू व्हायच्या आत घरी आला. त्याच्या गावच्या पाद्र्याने लिहिलंय, की म्हातारा तुसडा होता पण त्याच्या दारात गेलेला माणूस उपाशी परत आला नाही. तो सुखी होता का, हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि आता मी माझ्या मनाने काही लिहिणार नाही.

त्याने वेळेवर मरायला हवं होतं, असं त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या कोणालाही वाटलेलं दिसत नाही. ते फक्त मी लिहिलं.

चि. क्रांतीने ते प्रकरण फार सुंदर केलं. तिला हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला माफ करावं असं मी म्हणत नाही. तुम्हाला उत्तर हवं होतं, ते उशिरा देत आहे.

नृसिंह रुकडीकर"

मग त्यांनी आदर्शला फोन केला. हॅलोला त्यांना खरंच वेळ लागला. "ते प्रकरण काढल्याशिवाय नवी आवृत्ती काढू नका," ते म्हणाले. पलीकडे आदर्श म्हणाला, "सर, शेवटी बारीक टायपात एक दुरुस्ती टाकू की. कोण वाचतंय?"

"मीही वाचलं नव्हतं," सर म्हणाले. "म्हणूनच नको."

आदर्श "बघू" म्हणाला. त्याने काय करायचं ते तो करणार होता, पण सरांनी सांगितलं होतं.

पोस्टात गर्दी होती. सर रांगेत उभे राहिले. दोनदा त्यांना वाटलं की पुन्हा एकदा वाचून बघावं, एखादा शब्द कमीजास्त झाला असेल. पाकीट चिकटवलेलं होतं, म्हणून वाचता आलं नाही. खिडकीतल्या मुलीने ते वजनाला लावलं.

"कुठं? कागल तालुका? काय आहे आत?"

"पत्र."

"नुसतं पत्र?"

"हो. उत्तर आहे."

तिने मान वर न करता शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. सर पिशवीकडे बघत तसेच उभे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "पावणं, झालं न्हवं? सरका की." सर बाजूला सरकले.